पाठीचा साचा

६ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. वि. वि.

शेजारच्या दुकानातल्या फोनवरून हे बोलता येत नाही. मी बोलायला लागले की दुकानदार तराजू सोडून कान देतो. म्हणून पत्र. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे बाहेरून ठीक दिसतं आहे.

तुमचे बंधुराज वर्षभर मागच्या खोलीत होडी बांधताहेत. साधी होडी नव्हे, कयाक म्हणतात तिला. दोन्ही टोकांना निमुळती, आणि माणसाने तिच्या पोटात पाय पसरून बसायचं. प्लायवुडच्या फळ्या कापल्या, तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवल्या, सांध्यांवर राळ फासली. दिवसभर लोकांचे खोटे दात घडवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी काहीतरी मोठं घडवावंसं वाटलं, तर वाटू दे.

पण आधी होडी एकट्याची होती. गेल्या महिन्यात त्यांनी वरची फळी पुन्हा कापली आणि पुढे दुसरी जागा केली. मी म्हटलं, "ही कोणासाठी?" तर म्हणाले, "अशीच. तोल चांगला राहतो." तोल राहायला रिकामी जागा लागते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

बरं, स्वतःच्या जागेवर नुसती फळी. पुढच्या जागेला मात्र टेकायला पाठ! ती तीन वेळा केली, तीन वेळा मोडली. आधी लाकडाची, मग पट्ट्यांची, आता फोमची चालली आहे. दात कोरायच्या त्या बारीक यंत्राने कोरतात, हात फिरवून बघतात, पुन्हा कोरतात. मी विचारलं, "माझ्यासाठी का?" तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाले, "तू तर पाण्याला घाबरतेस."

ताई, एकोणीस वर्षांत माझ्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय दुरुस्त झाला नाही. आणि इथे कोणाच्या तरी पाठीला रुतू नये म्हणून माणूस तीन तीन तास फोम कोरतोय. त्यांनी तुम्हाला काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर माझ्यापासून लपवू नका.

तुमची,
वहिनी

---

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनीबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने आणि एकदा हसत. मला त्याने काही लिहिलेलं नाही. तो कधी लिहितो का? त्याचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन हवामानावर होत्या.

तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. लहानपणी तो खोटं बोलला की कान लाल व्हायचे हे खरं. पण लाजला तरी व्हायचे, आणि कौतुक केलं तरी व्हायचे. त्याचे कान म्हणजे काही साक्षीदार नव्हेत.

ती पाठ नेमकी किती उंच आहे गं? कमरेपर्यंतच की वर खांद्याच्या हाडापर्यंत? फोम दाबला की बोट आत जातं की घट्ट आहे? आणि पट्टे कुठे बांधलेत? सहज विचारते. मी नकाशे काढणारी बाई, माप कळल्याशिवाय मला वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. जमलं तर मोजून कळव. त्याला मात्र मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी,
ताई

---

२१ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

तुम्ही माप विचारलंत म्हणून मी टेप घेऊन मागच्या खोलीत गेले, आणि तिथे जे सापडलं ते कोणाला सापडू नये.

पाठ सतरा इंच उंच आहे. फोम घट्ट. दोन्ही बाजूंना जाड कापडी पट्टे, होडीच्या कडांना बकलने अडकवलेले. त्यांनीच शिवलेत, चार चार ओळींची शिवण. हे तुमचं माप झालं. आता माझं ऐका.

फोमच्या तुकड्यांमागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं एखादा मोठा जबडा असेल. उघडलं तर बाईची पाठ. प्लास्टरची! मानेपासून कमरेपर्यंत. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या अंगावर बसवून साचा काढतात ना, तसा. आत पातळ कापडाची वीण उमटली आहे आणि मधोमध तीन हुकांचे ठसे. पुरुषाच्या कपड्याला पाठीवर हूक कुठून येणार?

म्हणजे तुमचा भाऊ कुठेतरी एका बाईच्या मागे बसला, तिच्या पाठीवर पट्टी पट्टी लावली आणि ती वाळेपर्यंत बसून राहिला. एक शनिवार आड ते "दातांचं सामान आणायला" जातात आणि अंधार पडायच्या आत येतात. सामानाची पिशवी मात्र जाताना जेवढी जड, तेवढीच येताना. मी आजवर उचलून पाहिली नव्हती, आता पाहते.

आणि पाठ तरी कसली! गडबडीत हात थरथरला असणार, साचा पार वाकडा झालाय. एक खांदा वर, एक खाली, मधला कणा पावसात राहिलेल्या फळीसारखा पिळलेला. मी एकटीच होते तरी मोठ्याने हसले. म्हटलं, हीच का ती रूपसुंदरी! मग तिथेच फरशीवर बसून रडले.

हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

वहिनी

---

२८ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं.

साचा होता तसा चादरीत गुंडाळून ठेव. प्लास्टर हाताळलं की कडा उडतात.

साचा वाकडा झालाय असं तू लिहितेस. तो एकवीस वर्षं लोकांच्या जबड्यांचे साचे काढतोय. त्याचा हात थरथरलेला मी पाहिलेला नाही.

तुला हसू आलं ते वाचलं.

कचेरीत काम फार आहे.

ताई

---

८ मार्च

ती. ताईंना,

नेहमी 'वहिनीबाई' असते, या वेळी नुसती 'वहिनी' झाले. मी रडले असं लिहिलं, त्यावर तुमचा एक शब्द नाही. प्लास्टरच्या कडांची काळजी मात्र आहे. मी साधी असेन, पण खुळी नाही. तुम्हाला ती कोण आहे ते माहीत आहे, आणि तुम्ही भावाला पाठीशी घालता आहात.

राहू दे. आता विचारतही नाही, कारण मला कळलं आहे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती म्हणूनच दिसली नाही. माझ्या घरी येते, माझ्या हातचा चहा पिते, "किती छान घर ठेवतेस गं" म्हणते. ह्यांना लहानपणापासून ओळखते. तुम्हाला वेगळं सांगायला नको. नाव लिहीत नाही, माझं पेन खराब करायचं नाही.

पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, होडी पाण्यात उतरणार. टेम्पो ठरला आहे. शनिवारी निघणार म्हणतात. कुठल्या पाण्यात ते सांगत नाहीत, आणि मला "चल" म्हणालेले नाहीत. मीही हसून "जा" म्हटलं.

कोणाला टेकायला किती मऊ लागतं ते कळेलच. शिवण मलाही येते, ताई. आणि उसवणंही येतं.

वहिनी

---

१२ मार्च

प्रिय वहिनीबाई,

तुला कळलं. बरं झालं, माझ्या उरावरचा दगड उतरला. होय, ती पाठ माझी आहे.

साचा वाकडा झालेला नाही. मीच तशी आहे. बाराव्या वर्षापासून कणा वळत गेला आणि पुढे थांबला तो असाच. एकोणीस वर्षांत तू मला शालीशिवाय पाहिलेलं नाहीस, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. तुला वाटत असेल ताईंना थंडी बाधते. मला थंडी बाधत नाही, लोकांची नजर बाधते.

सरळ पाठीच्या माणसांना कळत नाही की खुर्ची ही किती पक्षपाती वस्तू आहे. बस, कचेरी, नाटकाची खुर्ची, दवाखान्याचा बाक, सगळं तुमच्या मापाचं. मी टेकत नाही, मी टेकल्यासारखं दाखवते. ज्या तलावाकाठी मी राहते त्याच्या खोलीचा नकाशा मी चार वेळा काढला आहे. पण त्याच्यावर कधी गेले नाही, कारण होडीत नुसती फळी असते आणि दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हे मी त्याच्याजवळ एकदाच बोलले होते, तेही थट्टेत. दोन महिन्यांनी तो प्लास्टरची पिशवी घेऊन दारात उभा. त्याचे शनिवार म्हणजे मी. फोमचे तुकडे आणतो, माझ्या पाठीला लावून बघतो, परत नेतो; होडीत बसवलेली पाठ मी पाहिलेली नाही, म्हणून तर तुला माप विचारलं.

मला त्याने काही लिहिलं नाही हे मी तुला सांगितलं ते खोटं होतं. आणि त्याला गप्प बसायची शपथ मीच घातली. मी म्हणाले, "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, उद्या सगळ्या नातेवाइकांना माझ्या पाठीचं माप कळेल." हे मी बोलले. त्याला आवडलं नव्हतं.

तू हसलीस ते फार लागलं. तू मला हसली नव्हतीस हे कळत होतं, तरी लागलं. म्हणून तसं तुटक पत्र लिहिलं. आणि मग तुझं हे पत्र. 'माझ्या हातचा चहा पिते' हे वाचून मान खाली गेली. खरंच प्यायले आहे, आणि तुझ्याच खुर्चीत बसून तुझ्यापासून लपवलं आहे.

रविवारी तूही ये. राग असेल तर रागाने ये. काठावर बसून मला शिव्या दे.

तुझी,
ताई

---

२० मार्च

ती. ताई,

तुमचं पत्र मला सोमवारी दुपारी मिळालं. रविवार होऊन गेल्यावर.

शनिवारी हे टेम्पोबरोबर गेले. रविवारी संध्याकाळी परत आले ते चिखलाने भरलेले. दारात उभे राहून म्हणाले, "ताई पडली." मी म्हटलं, "कोण ताई?" मला खरंच कळेना. तुमचा त्या होडीशी काय संबंध! मग म्हणाले, "डावा पट्टा सुटला. माझी शिवण कच्ची निघाली. होडीच्या कडेवर पाठ आपटली तिची, आणि होडी कलंडली. अंगात तरंगायचं जॅकेट होतं म्हणून."

ताई, मी ज्या बाईबद्दल लिहिलं होतं ती तुम्ही नव्हता. मला वाटलं होतं ती गादीवाली. तुमच्या जुन्या घराशेजारची, सोफे शिवते ती. तिच्या दुकानातून हे फोम आणताना मी दोनदा पाहिलं, आणि दोघं कसल्याशा मापावर डोकं जोडून बोलत होते. आपल्याकडे येते, चहा पिते, घराचं कौतुक करते. मी दोन अधिक दोन केले आणि बावीस उत्तर काढलं.

आता खरं लिहिते. शिवण ह्यांची कच्ची नव्हती. डाव्या पट्ट्याच्या चार ओळींपैकी तीन मी उसवल्या, आणि दिसू नये म्हणून वरून त्याच रंगाच्या कच्च्या दोऱ्याचे टाके घातले. हे आत दात घासत होते आणि मी मागच्या खोलीत ब्लेडने टाके काढत होते. मला कोणाला बुडवायचं नव्हतं. ती धपकन मागे पडावी, तिची चांगली फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. पाणी किती खोल असेल हा विचारसुद्धा केला नाही. मी, पाण्याला घाबरणारी!

चार दिवस झाले, हे कामावरून आले की मागच्या खोलीत बसून राहतात. सुटलेल्या पट्ट्याचा दोरा बोटांत घेऊन बघतात. "मी पक्का दोरा वापरला होता," एवढंच म्हणतात. काल कामावर म्हणे एका गिऱ्हाइकाचे वरचे दात खालच्या साच्यावर बसवत होते. होडी मोडून टाकणार म्हणतात.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहावं असं वाटलं. सांगू का? सांगितलं तर ते मला घरात ठेवतील असं वाटत नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन. डॉक्टर काय म्हणाले ते तेवढं कळवा. ह्यांना विचारायची हिंमत होत नाही.

वहिनी

---

४ एप्रिल

वहिनी,

उत्तराला उशीर झाला कारण पहिले दहा दिवस उताणं पडून राहायचं होतं आणि उताणं पडून मला लिहिता येत नाही. हाड मोडलेलं नाही. खालच्या दोन बरगड्यांना मार आहे आणि पाठ हिरवीनिळी आहे, असं शेजारीण सांगते. तिला दाखवावी लागली. काही आभाळ कोसळलं नाही.

पण उशिराचं ते एकच कारण नाही. तुझं आठ मार्चचं पत्र मी उशीखालून काढून किती वेळा वाचलं असेल! त्यातलं प्रत्येक वाक्य मला लागू पडतं. लहानपणापासून ओळखते. तुझा चहा पिते. "तुम्हाला वेगळं सांगायला नको." आणि शेवटी ते उसवणं. तू आता लिहितेस की गादीवालीबद्दल होतं. असेल. पण मी पडल्यावर तू काय दुसरं लिहिणार होतीस? मी इथे एकटी छताकडे बघत पडलेली असते, आणि छत याचं उत्तर देत नाही.

त्याला सांगायचं का, असं विचारतेस. मी त्याला सांगणार नाही, आणि त्याने विचारलं तर लपवणारही नाही. तो स्वतःच्या हाताला दोष देत बसला असेल तर ते तुला बघवतं कसं? दात बनवणाऱ्याकडे हाताशिवाय दुसरं आहे काय?

एक गोष्ट मात्र तुला कळली पाहिजे, कारण ती त्यालाही नीट माहीत नाही. पट्टा सुटायच्या आधी आम्ही अकरा मिनिटं पाण्यावर होतो. मी घड्याळ पाहिलं होतं. काठापासून आत गेलो, नकाशावर जिथे मी सातचा आकडा घातला आहे तिथून गेलो. खाली सात मीटर पाणी आणि वर मी, पाय पसरून. त्याने मागून विचारलं, "टोचतंय?" मी म्हटलं, "नाही." टोचत होतं, डावीकडे थोडंसं. पण मी टेकले होते. सगळं वजन सोडून टेकले होते. मला बोलायचं नव्हतं. परतताना त्याने होडी वळवली, मी डाव्या अंगावर गेले आणि पट्टा सुटला. पडलो तिथे पाणी छातीइतकंच होतं. हे नशीब, तुझी दया नव्हे.

होडी मोडू नको म्हणावं.

ताई

---

१२ एप्रिल

अहो,

मी सुखरूप पोचले. तुम्ही बोलत नव्हता तरी बसमध्ये पिशवी वर ठेवून दिलीत, तेवढ्यावर तीन तास काढले. मी सगळं सांगितलं त्याला आज चार दिवस झाले. त्या दिवशी तुम्ही "दोरा माझा नव्हता तर" एवढंच म्हणालात आणि मला तुमच्या तोंडावर राग दिसण्याआधी सुटका दिसली. राग नंतर आला, आणि तो असायलाच हवा. मी काही मागायला लिहीत नाहीये. इथे काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

ताईंनी दार उघडलं आणि मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं? खरं सांग, मग वाटेल ते असो."

मी बसमध्ये दहा उत्तरं पाठ केली होती. ती सोडून दिली. मग तोंडातून जे आलं ते बोलले. "ताई, ती पाठ तुमची आहे हे माहीत असतं, तर मी तिला हसले हे तुम्हालाच पत्रात कशाला लिहिलं असतं? तेवढी दुष्ट असते तर गप्प राहून उसवलं असतं."

त्यांचा दारावरचा हात खाली आला. मग म्हणाल्या, "हे मला तीन आठवड्यांत सुचलं नाही." आणि बाजूला झाल्या. मी आत गेले. दोघी रडलो, ते लिहीत नाही.

संध्याकाळी मी गादीवालीचंही सांगितलं, की इकडे येण्याआधी तिच्या दुकानात जाऊन माफी मागितली. तिला बिचारीला कशाची तेच कळेना. ताई इतक्या हसल्या की बरगड्या धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपणहून खिडकीशी स्टुलावर बसल्या आणि शाल काढून ठेवली. म्हणाल्या, "प्लास्टर आणलंयस ना पिशवीतून? मला वास आला. लाव." तुमच्या कपाटातून न विचारता आणलं होतं, चादरीतल्या तुमच्या साच्यासकट, तेही सांगून टाकते. मी पाणी जास्त घातलं. पहिली पट्टी गळून त्यांच्या पाठीवरून खाली आणि तिथून माझ्या मांडीवर आली. दुसरी कडक होऊन माझ्याच बोटांना बसली. ताई म्हणाल्या, "तो चुपचाप करतो, तू बोलत बोलत करतेस. बोलत राहा." मग मी बोलत राहिले. तुमच्याबद्दलही बोलले, ते विचारू नका.

आता कामाचं. तुमचा साचा आणि माझा साचा जुळत नाहीत. आधी मला वाटलं माझाच चुकला. पण ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की तुम्ही साचा घेतलात तेव्हा त्या पूर्ण वेळ श्वास धरून ताठ बसल्या होत्या. भावापुढे शाल काढून बसताना जितकं सरळ दिसता येईल तितकं दिसायचं म्हणून. नंतर तुम्ही फोम लावून बघायचात तेव्हाही तशाच. माझ्यापुढे पाच मिनिटं ताठ बसल्या, मग दमल्या, मग हसताना डावीकडे कलल्या आणि तिथेच राहिल्या. घरात एकट्या असताना त्या तशाच बसतात. तुम्ही जी पाठ कोरलीत ती ताईंची होती, पण ती त्यांना टेकायची पाठ नव्हती.

तेव्हा डावीकडचा फोम खांद्याच्या हाडाखाली पाऊण इंच कमी करायचा, आणि उजवीकडे कमरेशी तेवढीच भर घालायची. पट्टे दोन्हीकडे सारख्या लांबीचे नकोत, डावा दीड इंच आखूड हवा. शिवण तुम्हीच करा. माझ्या हातची नको असं ताई म्हणाल्या नाहीत, मीच म्हणतेय. तुम्ही "आता शीव" म्हणाल त्या दिवशी शिवीन.

डॉक्टरांनी जूनपर्यंत पाण्यावर जायचं नाही असं सांगितलं आहे. जूनमध्ये मी काठावर उभी राहीन, पाणी घोट्यापर्यंत येईल इतक्या जवळ. त्याहून पुढचं वचन देत नाही.

मी पुढच्या शनिवारी, एकोणीस तारखेला, चारच्या गाडीने येतेय. साचा मांडीवर घेऊन बसणार आहे, टपावर ठेवायला देणार नाही. स्टँडवर घ्यायला या. बोलला नाहीत तरी चालेल, पण एकटीने उतरवताना त्याच्या कडा उडतील.

तुमची,
मी